तीन राजांचा सण आणि मुलांचे शिक्षण

शास्त्रपाठ : मत्तय २ : १-१२. सोबत यशया ६० : १-६, स्तोत्र ७२ व इफिस ३ : १-६ हेही वाचावे.



जानेवारीच्या ६ व्या तारखेस रोमन कॅथलिक मंडळ्यांमध्ये एक प्राचीन सण पाळीत आले आहेत. त्यास ग्रीक शब्दावरून एपिफनी, म्हणजे प्रकटीकरण, असे नाव आहे. परंतु गोमंतकात लहानथोरांच्या तोंडी त्याचे नाव तीन रायांचे फेस्त असेच आहे. कित्येक देशांत आता हा सण जवळच्या रविवारी पाळितात. गोव्याच्या काही गावांनी मात्र आपली तारीख सोडिलेली नाही. पूर्वेकडील मंडळ्यांत याच दिवशी प्रभूच्या यार्देनेतील बाप्तिस्म्याचे स्मरण विशेषेकरून होते. पश्चिमेकडील मंडळीने मात्र या दिवशी पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची कथा धरिली आहे. आमच्या बहुतेक मंडळ्यांत हा दिवस पाळण्याची चाल नाही. तरी कॅथलिक शेजाऱ्यांची मुले या दिवशी काय शिकतात, त्यांस काय शिकविले पाहिजे, आणि त्यातून आपल्या शाब्बाथशाळेने काय घ्यावे, हा विचार आपल्या उपदेशकांस व पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम सण कसा होतो ते सांगतो. सासष्टी तालुक्यात चांदर गावी चांदर, कावोरी व गिर्दोली या तीन गावांचे तीन मुलगे राजांचा वेष करितात. अंगावर भरजरी झगा, मस्तकी मुगुट, आणि बसावयास घोडा. कासावलीच्या बाजूस कासावली, आरोशी व कुयेली या गावांचे तीन बालराजे निरनिराळ्या वाटांनी डोंगर चढतात आणि माथ्यावरील रेमेदिओस मातेच्या कपेलापाशी एकत्र होतात. मांडवीच्या उत्तर तीरावर वेरें येथे तर इ. स. १५५५ पासून या मागी राजांच्याच नावाचे देवालय आहे. त्यावरून त्या ठिकाणास रेईस मागोस असे नाव पडले. तेथेही मुले राजे होतात. ज्या मुलाने एकदा तो मुगुट घातला त्यास तो दिवस म्हातारपणापर्यंत आठवतो, यात नवल नाही.

हे ऐकून आपल्यापैकी काही जण लागलीच म्हणतील, "हे राजे शास्त्रात कोठे आहेत?" प्रश्न योग्य आहे. परंतु तो हिणविण्याकरिता विचारला तर त्याचे फळ कडू येते. म्हणून शास्त्रात काय आहे आणि काय नाही, हे आधी आपणच नीट पाहू.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक तीन होते असे लिहिलेले नाही. देणग्या तीन प्रकारच्या होत्या, सोने, ऊद व गंधरस. त्यावरून माणसेही तीन असावीत असे मंडळीने मानिले. रोम शहराच्या भुयारी दफनभूमीत जी प्राचीन चित्रे आहेत त्यांपैकी कोठे दोन, कोठे चार मागी दिसतात. सुरियानी परंपरेत तर ते बारा होते असे सांगत. गास्पार, मेल्खियोर व बल्थझार ही नावेही सुवार्तेतील नव्हेत. ती पुष्कळ मागाहूनची आहेत. इटलीतील राव्हेन्ना येथे सहाव्या शतकातील एका देवालयाच्या भिंतीवर रंगीत खड्यांत या तिघांचे चित्र आहे, तेथे ही नावे वाचावयास मिळतात. उंटाचाही उल्लेख मत्तय करीत नाही. आणि गव्हाणीही या कथेत नाही. बाळक आपली आई मरीया हिच्याजवळ होते ते एका घरात, असे ११ व्या वचनावरून दिसते. मेंढपाळांची कथा लूकची, मागी लोकांची मत्तयाची. नाताळाच्या देखाव्यात आपणही दोन्ही एकाच गोठ्यात आणून बसवितो, तेव्हा या बाबतीत शेजाऱ्यास दोष देण्याचा आपल्याला फारसा अधिकार उरत नाही.

मग राजे आणि उंट आले कोठून? तेही शास्त्रातूनच आले, पण दुसऱ्या पानावरून. कॅथलिक उपासनेत त्या दिवशी यशयाचा साठावा अध्याय व बहात्तरावे स्तोत्र नेमलेले आहे. यशया म्हणतो की, राष्ट्रे व राजे सियोनेच्या उजेडाकडे येतील, उंटांच्या झुंडी येतील, शबाचे लोक सोने व ऊद आणितील. स्तोत्रात तार्शीश, द्वीपे, शबा व सबा येथील राजे देणग्या घेऊन येतात. प्राचीन काळच्या गुरुजनांनी मत्तयाची कथा या दोन पाठांच्या उजेडात वाचिली आणि मागी लोकांच्या मस्तकी मुगुट चढविले. तेव्हा जो शिक्षक मुलांपुढे हे तीनही पाठ उघडून ठेवील तो मुलाच्या हातून सण हिसकावून घेणार नाही. उलट आपल्या मस्तकावरील मुगुट कोठून आला हे त्या मुलास कळेल.

आणि त्याच बहात्तराव्या स्तोत्रात बारा ते चौदा ही वचने आहेत. ज्या राजापुढे इतर राजे नमतात तो कोणत्या प्रकारचा राजा आहे हे तेथे सांगितले आहे : तो दरिद्र्याची हाक ऐकतो, ज्याला कोणी साहाय्यकर्ता नाही त्याला सोडवितो, आणि गरिबाचे रक्त त्याच्या दृष्टीने मोलाचे असते. घोड्यावर बसणाऱ्या मुलास ही तीन वचने आधी वाचून दाखवावी. नाही तर झगा, घोडा आणि लोकांची दृष्टी आपल्यावर, यामुळे त्या दिवसाचा राजा आपणच असा त्याचा समज होण्याचा फार संभव आहे. कथेतील खरा राजा तर एका सुताराच्या घरी आईच्या मांडीवर आहे, आणि मोठी माणसे त्याच्यापुढे भुईवर पालथी पडली आहेत.

देणग्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. यशयाच्या पाठात सोने आहे, ऊद आहे, गंधरस नाही. तिसरी देणगी ही मत्तयाच्या कथेत नवीनच येते. ती पुढे कोठे भेटते हे मुलांस शोधावयास लावावे. मार्काच्या पंधराव्या अध्यायात वधस्तंभापाशी प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ करितात आणि तो तो घेत नाही. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात निकदेम प्रभूच्या देहाकरिता गंधरस व अगरू यांचे मिश्रण आणितो, सुमारे शंभर रत्तल. म्हणजे बाळकाच्या पायांशी ठेविलेल्या तीन वस्तूंपैकी एक कबरेच्या वासाची होती. मरीयेने ती हातात घेतली तेव्हा तिला काय वाटले असेल ते मत्तयाने लिहिले नाही, म्हणून मीही लिहीत नाही. मुलांस मात्र विचारावे. मुले अशा प्रश्नाचे उत्तर आपल्यापेक्षा बरे देतात.

आता मागी या शब्दाकडे येऊ. धर्मशाळेत ग्रीक शिकताना या शब्दाने मला थांबविले. मागोस हा शब्द मूळचा मेदी व पारसी लोकांतील एका याजकवर्गाचा. पुढे तारे पाहणारे, स्वप्नांचा अर्थ सांगणारे, आणि अखेर जादूटोणा करणारे यांसही तोच लागू झाला. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात कुप्र बेटावर पौलाला जो बार-येशू आडवा येतो, त्यास लूक हाच शब्द लावितो. आपल्या भाषांतरांत एके ठिकाणी हे लोक ज्ञानी होतात आणि दुसऱ्या ठिकाणी जादूगार, म्हणून वाचकास ही ओळख पटत नाही. आपल्या गावच्या भाषेत बोलावयाचे तर बेथलेहेमास आलेले हे पाहुणे ज्योतिषी व देवऋषी यांच्या जवळच्या धंद्यातले होते. इस्राएलाच्या नियमशास्त्रात ज्या धंद्यावर कडक निषेध आहे, त्या धंद्यातून निघून ते आले. आणि परराष्ट्रीयांपैकी प्रभूपुढे नमस्कार घालणारे म्हणून सुवार्तेत प्रथम नाव लागते ते त्यांचे.

बंधूंनो, ज्यांचे बापआजे वेशीच्या आत आलेले नव्हते, ज्यांच्या घरात कालपरवापर्यंत अंगारा व गंडेदोरे होते, त्यांनी हे दोनदा वाचावे. आपल्या मंडळ्यांत एक दुखणे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात लाभ नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून बाप्तिस्मा आहे ते उपासनेत पुढच्या सतरंजीवर बसतात. गेल्या पावसाळ्यात जे आले ते दारापाशी. प्रभुभोजनाच्या वेळी कोणाच्या मागून कोण उठतो याकडे डोळे असतात. लग्न जुळविताना तर जुनी जात अशी वर येते की बाप्तिस्म्याचे पाणी तिला कधी लागलेच नव्हते. इफिसकरांस पौल लिहितो की, परराष्ट्रीय हे सहवारीस आहेत, एकाच शरीराचे अवयव आहेत, आणि हे मागील पिढ्यांस न कळविलेले रहस्य आहे. एपिफनीच्या दिवशी कॅथलिक मंडळीत हाच पाठ वाचितात. तो त्यांच्याकरिता जितका आहे तितकाच आपल्याकरिता आहे, कारण हे दुखणे दोन्ही घरी आहे. दारापाशी बसविलेल्या माणसाचे मूळ स्थान पूर्वेकडील वाटसरूंच्या रांगेत आहे. आणि पुढच्या सतरंजीवरील माणसाचेही तेथेच आहे, फक्त तो ते विसरला आहे.

एक शंका येथे सोडवून पुढे जातो. मागी लोकांस तारा दिसला, मग आम्ही पंचांग पाहिले तर काय बिघडले, असे कोणी कोणी चतुराईने विचारितात. त्या ताऱ्याविषयी विद्वानांनी पुष्कळ गणित केले आहे. जर्मन ज्योतिर्विद केप्लर याने सतराव्या शतकाच्या आरंभी इ. स. पूर्व ७ या वर्षी गुरू व शनी हे ग्रह एकमेकांजवळ आले होते हे गणिताने काढिले. परंतु मत्तयाचे लक्ष तेथे नाही. तारा त्या लोकांस यहूदीयापर्यंत आणितो, आणि ते राजा राजवाड्यात असेल म्हणून यरुशलेमास जातात. बेथलेहेम हे नाव त्यांस ताऱ्यापासून कळत नाही. ते मीखाच्या ग्रंथातून कळते. देवाने त्यांस त्यांच्या धंद्याच्या जागी गाठिले, पण तेथेच ठेविले नाही. ज्याच्या हाती मीखा आला त्याने मुहूर्ताकरिता परत पंचांगवाल्याच्या ओट्यावर जावे, याला या कथेत आधार नाही.

आता कथेतील त्या ठिकाणी आलो, जेथे माझ्या मते उपदेशकांनी सर्वांत अधिक वेळ थांबावे.

हेरोदाने मुख्य याजक व शास्त्री यांस जमवून विचारिले की ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हावयाचा. त्यांनी क्षणाचाही विलंब न लाविता उत्तर दिले. ग्रंथ शोधावा लागला नाही. मीखाचा पाचवा अध्याय त्यांच्या जिभेवर होता, आणि उत्तर बरोबर होते. आमच्या शाब्बाथशाळेच्या परीक्षेत त्यांस पहिले बक्षीस मिळाले असते.

आणि मग ते घरी गेले.

यरुशलेमापासून बेथलेहेम किती दूर? सुमारे तीन कोस. सकाळी भाकरी बांधून निघालेला माणूस दुपारच्या आत पोहोचेल. परके लोक वाळवंट ओलांडून कित्येक दिवसांच्या मजला मारून आले, दारात उभे राहून राजा कोठे आहे असे विचारू लागले, सारे यरुशलेम गडबडून गेले. आणि ज्यांस स्थळ ठाऊक होते त्यांच्यापैकी एकही जण त्यांच्याबरोबर निघाल्याचे मत्तय लिहीत नाही. का निघाले नाहीत? हेरोदाचे भय असेल. त्याने आपली राणी मरियम्ने हिला मारविले होते, आपल्या पोटच्या मुलांस मारविले होते. अशा राजाच्या नगरात दुसऱ्या राजाच्या शोधास निघणे म्हणजे जीव मुठीत घेणे होते. किंवा भयही नसेल. रोज हाताळून ग्रंथ गुळगुळीत झाला म्हणजे त्यातील वचन आपल्याला कोठे नेऊ शकेल ही अपेक्षाच राहत नाही. हा दुसरा रोग भयापेक्षा वाईट आहे, आणि तो विशेषेकरून आम्हां शिकविणाऱ्यांस होतो. दर आदितवारी दुसऱ्यास वाट दाखवावयाची, सोमवारी आपण होतो तेथेच.

या दृष्टीने कासावलीच्या त्या डोंगराकडे पाहा. शेजाऱ्यांच्या मुलाने मीखाचे वचन कदाचित पाठ केले नसेल; पण दहा वर्षांच्या वयात तो घोड्यावर बसून आपल्या गावाच्या वाटेने वर चढला आहे, आणि दुसऱ्या दोन गावांच्या मुलांस माथ्यावर भेटला आहे. राजाला भेटावयाचे तर घरातून निघावे लागते, आणि वाटेत दुसऱ्या गावचेही त्याच राजाकडे चाललेले भेटतात, हे त्याच्या अंगवळणी पडले आहे. आमच्या मुलास वचन पाठ आहे. तो सतरंजीवरून उठलेला नाही. कॅथलिक पाद्रीसाहेबांस व दोतोर्न शिकविणाऱ्या भगिनींस मी नम्रपणे सुचवीन की, मुलाने डोंगर चढण्यापूर्वी मत्तयाची बारा वचने त्याच्या घरी सर्व कुटुंबाने बसून वाचावी, आणि मुगुट उतरवून तो बाळकापुढे ठेवणे हाच त्या वेषाचा शेवट आहे हे त्यास सांगावे. आणि आपल्या उपदेशकांस मी विचारीन की, तुमच्या शाळेतील मुले हा पाठ शिकल्यावर कोठे जातात?

जर्मनीत कॅथलिक मुले या दिवसांत राजांचा वेष करून, हाती तारा घेऊन, घरोघर गात फिरतात; दारावर खडूने वर्षाचे आकडे व तीन अक्षरे लिहितात, ज्यांचा अर्थ ख्रिस्त या घरास आशीर्वाद देवो असा लावितात. जे पैसे मिळतात ते दूरदेशीच्या गरीब मुलांकरिता जातात. इ. स. १९५९ पासून तेथे हे काम संघटितपणे चालले आहे. आम्हांस मुगुट नको असेल तर नसू द्या, खडूही नको. परंतु गावात जो म्हातारा दोन महिने खाटेवर आहे, ज्या विधवेच्या चुलीवर रोज काही चढत नाही, त्यांच्या दारी शाब्बाथशाळेची मुले पायलीभर ज्वारी घेऊन त्या रविवारी गेली तर बेथलेहेमाची वाट त्यांच्या पायांस कळेल. ज्वारी मुलांनी आपापल्या घरून मुठीमुठीने आणावी. आईबापांनी एकदम पोते देऊ नये. त्यात मुलाचे देणे बुडते.

शिकविण्याविषयी आणखी थोडे. लहान मुलांस कथा सांगताना हेरोदास फार रंगवू नये. शिक्षकास त्याचा मोह होतो आणि मुलांस रात्री झोप लागत नाही. मोठ्या मुलांस मात्र नेमलेल्या बाराव्या वचनाशी थांबवू नये. कॅथलिक मंडळीत बेथलेहेमच्या मारल्या गेलेल्या बाळकांचे स्मरण डिसेंबरच्या २८ व्या तारखेस, म्हणजे या सणाच्या आधीच होऊन गेलेले असते; त्यामुळे ६ जानेवारीस मुले आनंदाच्या वचनावरच थांबतात. ग्रंथात क्रम उलटा आहे. मागी दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. त्याच रात्रीच्या सुमारास योसेफ बाळकाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशाकडे निघाला. आणि मग हेरोदाचे लोक बेथलेहेमात शिरले. चौदा-पंधरा वर्षांचे मूल येथे विचारील की, देवाने योसेफाला स्वप्नात सावध केले, तर दुसऱ्या बापांस का नाही? या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्या शिक्षकाविषयी मला भीती वाटते. मत्तय स्वतः उत्तर देत नाही. तो यिर्मयाकडे वळतो, आपल्या लेकरांसाठी रडणारी राहेल दाखवितो, आणि तिचे समाधान होत नाही असे लिहून ठेवितो. शिक्षकाने तेथे पुस्तक मिटून मुलांबरोबर काही वेळ गप्प बसावे. ज्या घरी गेल्या वर्षी लहान मूल दगावले आहे त्या घरचे भावंड त्या वर्गात बसलेले असेल, हे ध्यानात असू द्यावे; आणि वर्ग सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जावे.